गांज्यावर भांडणं सोपं असतं

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाचं इलेक्शन अगदी तोंडावर आलं होतं, तेव्हा सत्तेवर असलेल्या कन्झर्व्हेटिव्ह पार्टीने पंजाबी आणि चिनी पेपरांत जाहिराती दिल्या. मजकूर साधारण असा की लिबरल पार्टीचा जस्टिन ट्रुडो आला तर तुमच्या पोरांना गांजा सहज मिळणार, तुमच्या एरियात ड्रग्ज टोचून घ्यायची सेंटर्स येणार आणि वर कुंटणखानेही उघडणार. इंग्रजी टीव्हीवर ह्याच पार्टीची ॲड बरीच सभ्य होती, त्यात काही लोक ट्रुडोचा बायोडेटा चाळतात आणि म्हणतात की हा अजून तयार नाही, केस मात्र छान आहेत. म्हणजे इंग्रजीतून टोमणा आणि आपल्या लोकांना बागुलबुवा. मराठीत काही जाहिरात आली नाही, कारण आपण आहोत किती, एखादी सीट इकडची तिकडे करण्याएवढे तर नक्कीच नाही. तरी त्या पंजाबी जाहिरातीचा फोटो आमच्या टोरांटोशेजारच्या मिसिसागाच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत आलाच. खाली एका काकांनी लिहिलं होतं, "विचार करा" आणि पुढे हात जोडलेले इमोजी.

हे काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने, सत्तरच्या दशकात पुण्याहून इंजिनियर होऊन आलेले, बर्फात बस पकडून फॅक्टरीत गेलेले, त्यामुळे ग्रुपवर त्यांच्या शब्दाला वजन. त्यांचं मत कन्झर्व्हेटिव्ह पार्टीच्या, तेव्हा पंतप्रधान असलेल्या स्टीफन हार्परला. का, तर टॅक्स कमी ठेवतो आणि भलतेसलते लाड करत नाही. आता टॅक्स आणि गांजा यांचा काय संबंध, पण एकदा पार्टी ठरली की बाकीची मतं आपोआप त्या पार्टीच्या दुकानातूनच घ्यायची असतात, हे मला त्या इलेक्शनमध्ये जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं आधी कधी दिसलं नव्हतं. नागपूरचे एक भाऊजी होते, युनियनवाले, एनडीपी ह्या डाव्या पार्टीचे कट्टर. एनडीपीचे टॉम मुलकेअर म्हणत होते की सरकार आलं की जवळ गांजा बाळगण्यावर फौजदारी लावणं लगेच बंद, पण पूर्ण कायदेशीर करून दुकानं काढायची की नाही ते नंतर बघू. तर भाऊजींचंही मत अगदी तेवढ्याच मापाचं. मी एकदा विचारलं, अहो बाळगायला चालेल पण विकायला नाही चालणार, मग माणसाने आणायचा कुठून? ते म्हणाले, "वहिनी, हे स्टेप बाय स्टेप असतं." आणि लिबरलवाल्यांचं तर विचारूच नका, त्यातल्या अर्ध्या लोकांनी २०१३ च्या आधी ह्या विषयावर तोंडही उघडलं नसेल, पण त्या जुलैत ट्रुडो ब्रिटिश कोलंबियात केलोनाला जाऊन म्हणाला की मी गांजा कायदेशीर करायच्या बाजूने आहे, आणि त्यानंतर सगळ्यांना एकदम आठवलं की अरे आपलं तर पहिल्यापासून हेच म्हणणं होतं.

खरं तर ट्रुडोच्या आधीच, २०१२ च्या जानेवारीत लिबरल पार्टीच्या अधिवेशनात हा ठराव मोठ्या बहुमताने पास झाला होता. तेव्हा पार्टी गाळात होती, २०११ ला फक्त ३४ सीटा, एनडीपीच्याही मागे तिसऱ्या नंबरवर. गमावण्यासारखं काही नसलं की माणसं धाडसी ठराव करतात. तोपर्यंत कॅनडात हा विषय किती वेळा वर येऊन बुडाला होता, त्याची यादी मोठी आहे. १९२३ मध्ये गांजा बंदीच्या यादीत घातला गेला तेव्हा संसदेत त्यावर चर्चा म्हणावी अशी झालीच नाही. सत्तरच्या दशकात ल डेन आयोगाने सांगितलं की जवळ बाळगणाऱ्याला शिक्षा नको. २००२ मध्ये सिनेटच्या समितीने तर कायदेशीरच करा म्हणून शिफारस केली, आणि गंमत म्हणजे त्या समितीचे अध्यक्ष पिएर क्लोद नोलँ हे स्वतः कन्झर्व्हेटिव्ह. मग जाँ क्रेतियाँच्या लिबरल सरकारने सौम्य कायद्याचं बिल आणलं, ते लटकलं. २०१२ ला हार्परने उलटी चाकं फिरवली आणि विक्रीसाठी पाचाच्या वर झाडं लावली तर किमान सहा महिने तुरुंग, असा कायदा केला. असं हे नव्वद वर्षांचं गुऱ्हाळ. पण आमच्या पॉटलकमध्ये, म्हणजे सगळे एकेक पदार्थ घेऊन जमतात त्या जेवणात, ल डेन बिडेन कुणाला माहीत नव्हते, तिथं फक्त एकच मुद्दा, पोरांचं काय.

आणि दोन्ही पार्ट्यांनी तोच मुद्दा धरलेला. हार्पर म्हणत होते तंबाखूने नुकसान होतंच पण गांजा त्याहून अनंत पटींनी वाईट. ट्रुडो म्हणत होता की आत्ताच पोरांना तो सहज मिळतोय, म्हणून तर तो गुंडांच्या हातातून काढून दुकानात ठेवायचा. २०१३ च्या युनिसेफच्या रिपोर्टमध्ये श्रीमंत देशांतल्या शाळकरी पोरांत गांजा ओढण्यात कॅनडा पहिला आला होता, अकरा ते पंधरा वयाच्या पोरांत २८ टक्के, म्हणजे बंदीने काही अडत नव्हतं हे उघड होतं. माझा मुलगा तेव्हा पंधराचा. मी एकदा भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं की काय रे, तुमच्या शाळेत असलं काही मिळतं का. तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, बिअर मिळवणं जास्त अवघड आहे, तिथं आयडी मागतात." मला त्या उत्तराने जेवढी धडकी भरली तेवढीच माझी बाजूही पक्की झाली, ती आजपर्यंत तशीच आहे. गांजा चांगला असतो म्हणून नाही. विकणाऱ्याचं दुकान माहीत असावं, त्यावर लेबल असावं आणि काउंटरच्या मागच्या माणसाने वय विचारावं, एवढ्यासाठी.

आपल्या लोकांच्या डोक्यात गांजाची दोन चित्रं असतात. एक गावाकडचं. आमच्या कराडकडच्या गावात मारुतीच्या देवळामागे एक बुवा बसायचे, चिलीम ओढायचे, आम्ही पोरं त्यांच्यासमोरून शाळेत जायचो आणि कुणाला काही वाटायचं नाही, फार तर आजी म्हणायची की तिकडून नका जाऊ, वास येतो. दुसरं चित्र मुंबईचं, ऐंशी-नव्वदच्या दशकातले गर्दुल्ले, स्टेशनच्या पुलाखाली चांदीच्या कागदावर ब्राउन शुगर ओढणारी पोरं. आता ही दोन वेगळी व्यसनं, पण काकांच्या पिढीच्या मनात पोरगा गांजा ओढतो म्हटलं की थेट दुसरं चित्र उभं राहायचं. आणि त्याच काकांना महाशिवरात्रीच्या भांगेचं विचारलं तर, "ते वेगळं, तो प्रसाद." यात ते कायद्याने चुकत नव्हते म्हणा, १९८५ चा आपला भारतातला अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा गांजा आणि चरस पकडतो पण पानांची भांग सोडून देतो. राजकारण्यांना देवाची भीती असतेच.

पण मला खरं जे सांगायचंय ते ह्या वादावादीचं नाही, तर तिच्या आड काय काय लपून गेलं त्याचं.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १७ सप्टेंबरला होती, गुरुवार. आणि त्याच संध्याकाळी कॅलगरीत तिन्ही मोठ्या नेत्यांची इकॉनॉमीवरची डिबेट. गणपती आमच्याकडे दीड दिवसाचा. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लोक हायवेच्या ट्रॅफिकमधून धापा टाकत आले, दारात बुटांचा ढीग, किचनमध्ये मी आणि दोघी तिघी फ्रोजन खोबऱ्याचं सारण भरत मोदक वळतोय, कॉइलच्या शेगडीवर उकड कधी नीट होत नाही म्हणून एकीची कटकट चाललेली, आरतीला धूप लावल्याबरोबर स्मोक अलार्म बोंबलला आणि माझा नवरा खुर्चीवर उभा राहून टॉवेलने वारा घालतोय. अशा गोंधळात कोपऱ्यात कुणीतरी लॅपटॉपवर डिबेट लावून ठेवली होती. आरती झाली, लोक जेवायला बसले, आणि रेफ्युजींच्या हेल्थकेअरवर बोलता बोलता हार्पर म्हणून गेले की ही गोष्ट नव्या आणि जुन्या अशा सगळ्या कॅनेडियन लोकांना पटते. त्यात जुन्यांसाठी जो शब्द त्यांनी वापरला, ओल्ड स्टॉक, म्हणजे पिढ्यानपिढ्या इथलेच, तो दुसऱ्या दिवशी देशभर गाजला.

आमच्या हॉलमध्ये वीस बावीस माणसं होती आणि त्यातला एकही त्या हिशोबात ओल्ड स्टॉक नव्हता, काकासुद्धा नव्हते, चाळीस वर्षं टॅक्स भरून. सगळ्यांनी ऐकलं. मी बघितलं की दोघा तिघांनी मान वर केली. एक बाई वरणभात कालवता कालवता थांबली. आणि मग कुणीच काही बोललं नाही, कुणीतरी म्हणालं चटणी इकडे द्या. पाचेक मिनिटांनी कुणीतरी गांजाचं काढलं आणि जी काय जुंपली, बापरे. रात्री अकरापर्यंत. काका तावातावाने, भाऊजी तावातावाने, एरवी न बोलणाऱ्या वहिनीसुद्धा मध्ये पडल्या, मोदक गार झाले. ज्या विषयाशी त्या खोलीतल्या एकाचाही रोजचा संबंध नव्हता, निदान कुणी कबूल करण्यासारखा नव्हता, त्यावर सगळ्यांकडे बोलायला होतं. आणि ज्याच्याशी होता त्यावर शब्द नाही.

त्या इलेक्शनमध्ये असे विषय कमी नव्हते. त्याच उन्हाळ्यात नवा नागरिकत्व कायदा लागू झाला होता, त्यात दुहेरी नागरिकत्व असलेल्यांना दहशतवाद किंवा देशद्रोहासारख्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर कॅनडाचं नागरिकत्व काढून घेता येत होतं. आता भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही, आपल्यातल्या कुणावर ती वेळ येणार नव्हती, पण पासपोर्टात पहिला दर्जा दुसरा दर्जा पडतोय हे कळायला वकील लागत नाही. मग नागरिकत्वाची शपथ घेताना बाईने नकाब घालावा का यावर महिनाभर रणकंदन, ज्यात मुलकेअरच्या पार्टीचं क्विबेक प्रांतात पार भुस्काट पडलं. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन मंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं की "रानटी सांस्कृतिक प्रथा" कळवायला पोलिसांची टिप लाइन काढू. म्हणजे शेजाऱ्याने फोन करायचा की बाजूच्या घरात काहीतरी चाललंय. आमच्या घरातून धूप निघतो, घंटा वाजते आणि दीड दिवसानंतर एक मूर्ती घेऊन सगळे लेकच्या दिशेने जातात, मी म्हटलं एखाद्याने केला फोन तर? नवरा हसला. पण ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा उत्तर आलं, "ते आपल्यासाठी नाहीये, ते त्या लोकांसाठी आहे."

ते लोक. बस, इथंच सगळं होतं. गांजावर भांडलं तर त्यात कुणाची जात धर्म निघत नाही, आपण इथले की बाहेरचे हा प्रश्न येत नाही, दोन्ही बाजूंना आपण जबाबदार आईबाप आहोत असं वाटतं आणि शेवटी पोटभर भांडून पानसुपारी घेऊन घरी जाता येतं. राजकारण्यांना हे बरोबर कळतं. हार्परचे मंत्री जेसन केनी वर्षानुवर्षं मंदिरं, गुरुद्वारे, मेळे करत फिरायचे ते उगाच नाही, त्यांना माहीत होतं की आपली मंडळी घरात, टॅक्समध्ये आणि पोरांच्या बाबतीत जुन्या वळणाची आहेत, त्यांना नुसती भीती योग्य भाषेत पोचवायची.

१९ ऑक्टोबरला निकाल लागला. ७८ दिवसांचा प्रचार, एवढा लांबलचक प्रचार कॅनडात कुणाच्या आठवणीत नव्हता, आणि शेवटी लिबरल ३३८ पैकी १८४. मिसिसागाच्या सहाच्या सहा सीटा लिबरल, शेजारच्या पंजाबी वस्तीच्या ब्रॅम्प्टनच्या पाचही. म्हणजे ती जाहिरात ज्यांच्यासाठी होती त्यांनी वाचली आणि मत दुसरीकडेच टाकलं. माझं नागरिक म्हणून पहिलंच मत होतं, कम्युनिटी सेंटरच्या जिममध्ये, कागदावर पेन्सिलने फुली मारून, मशीन नाही, शाई नाही, फारच किरकोळ वाटलं. त्याच्या दोन दिवस आधी हार्पर टोरांटोत फोर्ड बंधूंच्या सभेत उभे होते, तेच रॉब फोर्ड ज्यांनी महापौर असताना क्रॅक ओढल्याचं स्वतः कबूल केलं होतं. गांजा अनंत पटींनी वाईट म्हणणाऱ्या नेत्याने अख्खा प्रचार करून शेवटी ह्या स्टेजवर यावं, हे लिहिणाऱ्याला सुचलं नसतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टोरांटोचे माजी पोलीस चीफ बिल ब्लेअर हे तेव्हा लिबरल खासदार, त्यांच्याकडेच कायद्याचं काम दिलं. २०१८ च्या जूनमध्ये सिनेटने पास केला आणि १७ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गांजा कायदेशीर. बाहेर ३० ग्रॅम जवळ ठेवता येतो, घरात चार झाडं लावता येतात, क्विबेक आणि मॅनिटोबाने तीही बंद ठेवली होती. आमच्या ऑन्टारियो प्रांतात तेव्हा दुकानच नव्हतं, सरकारी वेबसाइटवरून ऑर्डर द्यायची, आणि आठवड्याच्या आत पोस्टाचे संप सुरू. गुंडांच्या हातून धंदा काढून घेणार होते, तो पोस्टमनच्या हातात अडकला. मिसिसागाने तर दुकानंच नकोत म्हणून ठराव केला, तो २०२३ मध्ये उठवला, तोपर्यंत ज्याला हवं तो दहा मिनिटं गाडी चालवून ब्रॅम्प्टनला जात होता.

आणि काका? काकांनी २०१८ च्या उन्हाळ्यात गांजा कंपनीचे शेअर घेतले. खोटं नाही सांगत. मंगळागौरीच्या जेवणाला त्यांनी स्वतःच सांगितलं, "हे बघ, मोरॅलिटी वेगळी, पोर्टफोलिओ वेगळा." ते शेअर पुढे दणकून आपटले, तो भाग वेगळा. पण मी त्यांना एकट्याला हसत नाही. जुलियन फँटिनो नावाचे गृहस्थ, टोरांटोचे पोलीस चीफ होते तेव्हा २००४ मध्ये म्हणाले होते की गांजा कायदेशीर करायचा तर मग खूनही करा, पुढे हार्परच्या कॅबिनेटमध्ये मंत्री झाले, आणि २०१७ मध्ये वैद्यकीय गांजाच्या कंपनीचे मोठे पदाधिकारी. काकांनी निदान कुणाला तुरुंगात तरी घातलं नव्हतं.

ज्यांना घातलं होतं, ज्यांच्या नावावर खिशातल्या चार ग्रॅमसाठी रेकॉर्ड लागलं, आणि टोरांटोत त्यात काळी पोरं किती जास्त होती हे पेपरांनी पोलिसांच्याच आकड्यांवरून काढून दाखवलं होतं, त्यांच्यासाठी २०१९ ला फी न घेता माफी द्यायचा कायदा आला, पण अर्ज ज्याचा त्याने करायचा, कागद ज्याचे त्याने शोधायचे, त्यामुळे फार थोडे लोक तिथवर पोचले. आमच्या पॉटलकांमध्ये ह्यांचं नाव कधी निघालं नाही. ना बाजूने ना विरोधात. आणि आपल्या पोरांसाठी जे माहीत असायला हवं होतं तेही कुणी ग्रुपवर टाकलं नाही, की अमेरिकेच्या बॉर्डरवर ऑफिसरने विचारलं आणि आपण गांजा ओढल्याचं कबूल केलं तर तिथला प्रवेश बंद होऊ शकतो, इथं कायदेशीर असला तरी, आणि २०१८ च्या डिसेंबरपासून नशेत गाडी चालवण्याची शिक्षा वाढवल्यामुळे पीआरवाल्याला, म्हणजे कायम राहायची परवानगी आहे पण नागरिक नाही अशाला, त्या एका गुन्ह्यात देशाबाहेर काढता येतं. पासपोर्टवाल्याला दंड, पीआरवाल्याला विमान. ही माहिती मी पुढे एका इमिग्रेशनच्या सेमिनारमध्ये ऐकली आणि घरी येऊन भाच्याला फोन केला, तो तेव्हा नुकताच स्टुडंट व्हिसावर आलेला. तो म्हणाला, "मावशी, मी साधा चहा पण नाही घेत."

आता २०२५ चं इलेक्शनही होऊन गेलं. गांजाचं कुणी नावही काढलं नाही, एवढी दुकानं झालीत की प्लाझामध्ये पोळीभाजी केंद्राच्या शेजारी एक आणि समोर एक, काका तिथूनच काकूंच्या गुडघ्याला चोळायला तेल आणतात. तो विषय गेल्यामुळे पॉटलकमध्ये मोकळी जागा पडली होती. ती भरली गेली, पण कशाने, तर स्टुडंट्सने. सरकारने २०२४ च्या जानेवारीत स्टुडंट परमिटवर कॅप आणली तेव्हापासूनच सुरू झालं होतं, की ही पोरं फार आली, एका बेसमेंटमध्ये दहा दहा राहतात, यांच्यामुळे भाडी वाढली, आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही कसे शिकून सवरून आलो, यांना परत पाठवा. ह्यावेळी कुणी गप्प बसलं नाही. सगळ्यांनी एकमताने, काका, भाऊजी, लिबरल, एनडीपी, सगळे. ज्या हॉलमध्ये २०१५ साली त्या एका शब्दावर कुणाची जीभ उचलली नव्हती तिथं आता तोच हिशोब आपली माणसं अस्सल मराठीत मांडत होती. भाचा तिथंच होता, वर्क परमिटचा शेवटचा काळ चाललाय त्याचा. भाऊजी त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुझं वेगळं आहे रे, तुझ्याबद्दल नाही बोलत आम्ही."

मी म्हटलं, भाऊजी, मग कुणाबद्दल बोलताय? नाव घ्या. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही लगेच पर्सनल घेता."